४० डेसिबल म्हणजे ४० टक्के नव्हे

भाऊ, तुम्ही सांगितलेल्या बाबांच्या श्रवण-तपासणीच्या रिपोर्टवर ‘४० डेसिबल’ आहे म्हणून वरच्या कमेंटमध्ये कोणीतरी ‘चाळीस टक्के बहिरेपण’ असा अर्थ लावलाय, तो आधी सोडून द्या. ही मोजपट्टी लॉगरिदमिक आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट, २० वाढले की शंभरपट. म्हणून नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत १०० डेसिबलच्या डीजेशेजारी तेवढाच दुसरा आणून उभा केला, तर २०० नाही, १०३ होतात. (कानांचं व्हायचं ते होतंच.)

ऑडिओग्रामवरचा, म्हणजे श्रवण-तपासणीच्या आलेखावरचा, शून्यही शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येणारा आवाज तिथे शून्य धरतात, त्यामुळे एखाद्याचं उणे ५ सुद्धा येतं.

खरं तर आकड्यापेक्षा आलेखातल्या रेघा बघा; रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. हेडफोनवर घेतलेली रेघ खाली, पण कानामागच्या हाडावर कंपक टेकवून घेतलेली ठीक, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात: मळ, पडदा, पाणी. दोन्ही सारख्याच खाली, तर आतला कान किंवा नस. ४००० हर्ट्झजवळ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं; जितकी जास्त, तितका आवाज बारीक) खड्डा पडून ८००० ला रेघ परत वर चढत असेल, तर बाबांनी हिंगणा-बुटीबोरीकडच्या कारखान्यांत मशीनच्या गोंगाटात वर्षं काढलीत का, विचारा. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही तक्रारही अशा खड्ड्यातलीच, कारण स, श, फ यांची ओळख वरच्या कंपनसंख्यांवर असते.

नाव झाकून दोन्ही कानांचा आलेख टाका, मग बोलता येईल. इलाज मात्र ईएनटीलाच विचारा.