मदत हवी आहे: फुकेतहून फी फी, स्पीडबोट की फेरी? आज रात्रीच्या आत सांगा

पाऊलवाट
नमस्कार. आम्ही सध्या थायलंडमध्ये फुकेतला आहोत, मुक्काम पातोंगला. हॉटेलच्या डेस्कवरून फी फी बेटांची सहल घ्यायची आहे. स्पीडबोटीने सकाळी नेतात, दोन-तीन ठिकाणी स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत मासे बघायचे), मध्ये जेवण, दुपारी परत. त्यांच्याकडेच मोठ्या फेरीचीही सहल आहे, ती स्वस्त आहे पण येण्याजाण्यात निम्मा दिवस जातो. डेस्कवरची मुलगी म्हणते की नऊच्या आत होकार द्या, नाहीतर परवाच्या जागा जातील. घरात दोन तट पडलेत.
प्रश्न दोनच आहेत. स्पीडबोट घ्यावी की फेरी? आणि मास्क त्यांचाच वापरावा की दुकानात पूर्ण चेहरा झाकणारा मिळतो तो विकत घ्यावा? "मस्त अनुभव असतो, बिनधास्त जा" अशी उत्तरं नकोत, ती भरपूर वाचून झाली.

सुकाणू
किती जण, वयं काय, पोहता कुणाकुणाला येतं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

पाऊलवाट
चौघं. मी, नवरा, मुलगी, सासूबाई. पोहता मला आणि मुलीला येतं. पण सगळ्यांना लाइफ जॅकेट देतातच ना? मला बोटीबद्दल विचारायचंय.

निळाई
मास्कचं मी सांगते. पूर्ण चेहऱ्याचाच घ्या, दुसरा विचार करू नका. तोंडात नळी धरावी लागत नाही, नाकाने नेहमीसारखा श्वास घेता येतो, समोरचं दिसतंही भरपूर. माझ्या आईला साधी नळी तोंडात धरली की घाबरायला व्हायचं. हा मास्क घातल्यावर ती पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती.

गलबत
निळाईताई, तुमच्या आईंना सोयीचा ठरला हे चांगलंच, पण नवख्या माणसाला सरसकट हा सल्ला देऊ नये. साध्या मास्कमध्ये नळीत पाणी शिरलं तर ती थुंकून टाकता येते, डोकं वर काढलं की मोकळा श्वास. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं की अख्खा मास्क ओढून काढावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाला मागचा पट्टा पटकन सापडत नाही. शिवाय स्वस्त मास्कमध्ये बाहेर टाकलेली हवा नीट निघून जात नाही. तीच तीच हवा आत घेतली की गरगरायला लागतं. खोल बुडी मारायची तर कानावरचा दाब काढायला नाक चिमटीत धरावं लागतं, तेही त्यात जमत नाही.

निळाई
चांगल्या कंपनीच्या मास्कमध्ये श्वास आत घ्यायचा आणि बाहेर सोडायचा मार्ग वेगळा असतो. आणि यांच्यातलं बुडी मारणार कोण आहे?

गलबत
चांगल्या कंपनीचा म्हणता, तो पातोंगच्या फुटपाथवर मिळणार आहे का? त्या दुकानात ओळखायचा कसा?

भरतीओहोटी
बाकी सगळं बाजूला ठेवा. ऑगस्ट चालू आहे. डेस्कवरच्या पत्रकावर फी फीच्या माया बे किनाऱ्याचा फोटो आहे का?

पाऊलवाट
हो, पहिलाच फोटो तो आहे. मुलगी त्यासाठीच हट्ट धरून बसली आहे. का?

भरतीओहोटी
कारण माया बे ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बंद असतो. २०१८ मध्ये गर्दीने तिथल्या प्रवाळाची पार वाट लागली होती, म्हणून जूनपासून तो बंदच केला. उघडला थेट जानेवारी २०२२ मध्ये, आणि तेव्हापासून दरवर्षी हे दोन महिने विश्रांती देतात. उघडा असतो तेव्हाही बोटी समोरच्या पुळणीवर लावू देत नाहीत, मागच्या लो समा खाडीत उतरवतात आणि तिथून चालत जायचं. पाण्यात घोट्या-गुडघ्यापर्यंत उभं राहता येतं, पोहायला बंदी. तेव्हा डेस्कवर स्पष्ट विचारा की परवा नक्की कुठे नेणार. "माया बे" म्हणाले तर ते लांबून, बोटीतूनच दाखवणार आहेत.
दुसरं म्हणजे मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारा असतो. फुकेतची अंदमान समुद्राकडची बाजू या काळात खवळलेली असते. एखादा दिवस आरशासारखा मिळतो, दुसऱ्या दिवशी बोट हाडं खिळखिळी करते.

तळ्यातमळ्यात
म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की ऑगस्टमध्ये फुकेत नको, को समुई किंवा को ताओ ही बेटं करा. थायलंडच्या आखाताकडची बाजू या दिवसांत शांत असते, तिथला खराब काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. को ताओला तर किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरायचं, बोटीची भानगडच नाही. आम्ही तेच केलं, फार सुख झालं.

सुकाणू
ते फुकेतमध्ये बसून विचारताहेत. हॉटेलचे पैसे भरलेत. आता समुई काय करायचंय?

तळ्यातमळ्यात
पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहिलं.

चिंचबोर
परतीचं विमान कधी आहे? पाण्याखाली गेल्यावर १८ तास विमानात बसायचं नसतं. आमच्या ग्रुपमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं.

गलबत
ते स्कूबासाठी. टाकीतली दाबाखालची हवा घेतली की शरीरात नायट्रोजन विरघळतो, म्हणून थांबायचं. स्नॉर्केलिंगमध्ये आपण पृष्ठभागावरची साधी हवा घेतो. संध्याकाळी विमान असलं तरी काही अडचण नाही.

पाऊलवाट
विमानाचा प्रश्नच नाही, अजून इथेच आहोत. माया बेचं मात्र कुणी बोललंच नव्हतं. आत्ता खाली जाऊन विचारलं, तर म्हणे "व्ह्यू पॉइंट". म्हणजे लांबूनच.
आणखी एक. त्यांनी एक फॉर्म दिलाय, त्यात गरोदरपण, हृदयविकार आणि पाठीचा त्रास यापुढे खूण करायची आहे. डेस्कवरची म्हणते सगळे "नाही" लिहितात. सासूबाईंच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, पण ते जुनं आहे, आता त्या रोज चालायला जातात. तर "नाही" लिहायला हरकत नाही ना?

हाडवैरी
हरकत आहे, फार मोठी हरकत आहे. मी हाडांच्या विभागात काम करते आणि हे कळकळीने लिहितेय. स्पीडबोट लाटेवरून उडून खाली आपटते तेव्हा बसलेल्या माणसाचा सगळा भार क्षणात मणक्यांवर येतो. छातीचा भाग संपून कंबर सुरू होते, तिथला मणका त्या धक्क्याने दबून मोडतो. ही दुखापत वैद्यकीय साहित्यात नीट नोंदलेली आहे आणि ती धडधाकट तरुणांनाही होते. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडं अनेकदा ठिसूळ झालेली असतात, त्यात मणक्याला आधीच हात लागलेला. चालताना मणक्यावर येणारा भार आणि हा आदळण्याचा भार यांची बरोबरी होऊ शकत नाही. सासूबाईंना स्पीडबोटीत बसवू नका. आणि फॉर्मवर खोटं लिहिलंत तर प्रवास विम्याचा दावाही अडकू शकतो.

पाऊलवाट
बापरे. मला वाटलं हे गरोदर बायकांपुरतंच असतं. अगदी मागे बसवलं तर?

सुकाणू
मागे बसलं की धक्के कमी लागतात, हे खरं. बोट उचलली जाते नाकाकडून आणि आपटतेही नाकाकडून. फोटोसाठी सगळे पुढे धावतात आणि तिथेच जास्त मार बसतो. तुम्ही आणि मुलगी गेलात तर तुम्हीही शेवटच्या ओळीत बसा, हातात काहीतरी घट्ट धरा.

निळाई
मागे इंजिनाचा धूर येतो, त्यानेच मळमळतं. मध्ये बसावं.

सुकाणू
मळमळ तासाभरात जाते. मणका तसा नाही.

हाडवैरी
मागे, मध्ये, कुठेही नको. या ऋतूत तर नकोच. फुकेत ते फी फी जवळजवळ ४५ किलोमीटर उघडा समुद्र आहे.

खडाष्टक
मग फेरी घ्या की. मोठी बोट, दोन तास लागतात, पण सुरक्षित.

भरतीओहोटी
धक्क्यांच्या बाबतीत फेरी निश्चित बरी. पण "मोठी म्हणजे सुरक्षित" हे कुणी मनात धरू नका. ५ जुलै २०१८ ला याच फुकेतजवळ पर्यटकांची दुमजली बोट वादळात बुडाली, ४७ माणसं गेली. हवामानाचा इशारा दिलेला असताना ती समुद्रात होती. बोट लहान की मोठी हे नंतर. त्या दिवशी समुद्र कसा आहे आणि चालवणारा "आज नको" म्हणायला तयार आहे का, हे आधी बघायचं. थाई हवामान खातं अंदमान समुद्रासाठी लाटांच्या उंचीचा रोजचा अंदाज देतं. दोन मीटर किंवा वर दिसलं तर पैसे गेले तरी चालतील, जाऊ नका. आणि होकार देण्याआधी विचारा की हवामानामुळे सहल रद्द झाली तर पूर्ण पैसे परत मिळतात का. याचं उत्तर पावतीवर लिहून घ्या.

खडाष्टक
एवढं घाबरवून सोडायची गरज नाही. रोज शेकडो लोक जातात आणि हसत परत येतात.

भरतीओहोटी
हसत परत यावेत म्हणूनच लिहितोय.

चिंचबोर
मुलीसाठी ब्रेडचे तुकडे पिशवीत घेऊन जा. पाण्यात टाकले की मासे हातापर्यंत येतात, मुलं वेडी होतात.

गलबत
कृपा करून हे करू नका. फी फी राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे माशांना खायला घालायला बंदी आहे आणि दंड होतो. बंदी योग्यही आहे. जे मासे प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवतात, ते ब्रेडवर पोट भरू लागले की शेवाळ प्रवाळ झाकून टाकतं.
सनस्क्रीनचंही बघा. २०२१ पासून थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट आणि आणखी दोन घटक असलेली सनस्क्रीन चालत नाहीत, दंड एक लाख बाटपर्यंत. ट्यूबच्या मागे वाचा. त्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला. स्नॉर्केल करताना पाठ आणि पोटऱ्या तासभर उन्हात असतात, पाण्यामुळे चटका जाणवत नाही, रात्री कळतं.

पाऊलवाट
आभार. पण मास्कचं अजून ठरलं नाही. नवऱ्याला चष्मा आहे, नंबर बराच आहे. चष्म्यावर मास्क बसेल?

गलबत
नाही बसणार. चष्म्याच्या काड्या रबराखाली आल्या की तिथून पाणी येतं. तयार नंबरचे मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने. पातोंगमध्ये स्कूबावाल्यांच्या दुकानात विचारा, भाड्यानेही देतात. सिलिंड्रिकल नंबर त्यात येत नाही, पण मासे बघायला चालून जातं.

निळाई
लेन्स घालून जायचं.

हाडवैरी
लेन्सवर समुद्राचं पाणी गेलं तर डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. घालायच्याच असतील तर एकदा वापरून फेकायच्या घ्या आणि बोटीत आल्यावर लगेच काढून टाका.

गलबत
बाकीच्यांनी बोटीवरचा मास्क असा तपासा: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा मागा. केसाची एक बट आत राहिली तरी गळतो. पट्टा करकचून आवळला की गळती थांबत नाही, उलट वाढते. आतून थुंकी चोळून विसळलं की धुकं धरत नाही. आणि नवऱ्याला पोहता येत नाही तर आधी गुडघाभर पाण्यात उभं राहून, तोंड पाण्यात घालून नळीतून श्वास घ्यायची सवय करू द्या. थेट बोटीच्या शिडीवरून खोल पाण्यात उतरवू नका. जॅकेटचा खालचा, मांड्यांमधून जाणारा पट्टा लावायला सांगा, नाहीतर पाण्यात जॅकेट कानापर्यंत वर सरकतं.

खडाष्टक
बोट लागत असेल तर एव्होमिन घ्या. निघायच्या तासभर आधी.

हाडवैरी
त्याने झोप येते. पेंगत असताना पाण्यात उतरायचं नाही, आणि मुलीला डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायची नाही. मुलीचं वय तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

पाऊलवाट
अकरा. तिला गाडी लागते, बोटीचा अनुभव नाही.

भरतीओहोटी
मग तिच्यासाठीही तासाभराची स्पीडबोट पहिल्याच वेळी कशाला? माझं ऐका, फी फी या खेपेला सोडा. स्नॉर्केलिंगसाठी चालोंग धक्क्यावरून कोरल आयलंड म्हणजे को हे बेट करा. स्पीडबोटीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. समुद्र बिघडला तर परतही लवकर येता येतं. सासूबाईंना घेऊन वेगळ्या दिवशी फांग ङा उपसागर करा, मोठ्या संथ बोटीने. तो तिन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे, पावसाळ्यातही बहुतेक शांत असतो. पाणी गढूळ हिरवं असतं, मासे दिसणार नाहीत, पण सरळ उभे चुन्याचे सुळके आणि त्यांच्या पोटातल्या गुहा त्या खुर्चीवर बसून बघू शकतील.

तळ्यातमळ्यात
फांग ङाला गर्दी असते. समुईला...

सुकाणू
समुई पुरे.

पाऊलवाट
नऊला दहा मिनिटं असताना खाली जाऊन नाही सांगून आले. डेस्कवरच्या मुलीने तोंड वाकडं केलं, मग म्हणाली की कोरल आयलंडचीही सहल तिच्याकडे आहे! परवा सकाळी अंदाज बघून तिथे जाणार, मी, नवरा आणि मुलगी. सासूबाईंना हाडवैरीताईंचं उत्तर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मला कुणी विचारलंच कुठे होतं, मला त्या उडणाऱ्या बोटीत बसायचंच नव्हतं. फांग ङाचे फोटो त्यांना आवडले. मुलगी माया बेसाठी रडली, तिला जानेवारीत परत येऊ असं बाबांनी सांगितलंय, ते निस्तरणं त्यांच्याकडे.
नंबरचा मास्क उद्या शोधते. पूर्ण चेहऱ्याचा घेत नाही, निळाईताई, रागावू नका.

निळाई
रागावत नाही. मुलीला एकदा दुकानात घालून तरी बघू द्या.

चिंचबोर
को हेला मोबाईल न्यायचा असेल तर गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी चालते का? कुणी वापरली आहे?

सुकाणू
आधी आत टिशू पेपर घालून बादलीत बुडवून बघा. कोरडा निघाला तर मोबाईल घाला.