१४२८५७ चा वर्ग जमतो, मग १७ च्या संख्येचा का जमत नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लालबागला आमच्या चाळीत रविवारी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. सध्या कापरेकर संख्या चालू आहेत, म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत मिळते अशी संख्या. डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आपल्या मुलांना माहीत असलेच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. इथपर्यंत सगळे खूश.

मग १४२८५७ घेतली. हे १/७ चे आवर्ती अंक. २ ते ६ पैकी कशानेही गुणा, तेच अंक त्याच क्रमाने गोल फिरून येतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ही कापरेकर संख्याही आहे! वर्ग येतो २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक वेगळे काढा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

कारण असं: १४२८५७ × ७ = ९९९९९९, आणि १४२८५६ = ७ × २०४०८. म्हणून १४२८५७ × १४२८५६ = ९९९९९९ × २०४०८, म्हणजेच १४२८५७ चा वर्ग = ९९९९९९ × २०४०८ + १४२८५७. सहा-सहा अंकांचे तुकडे मिळवताना ९९९९९९ ची पट गळून पडते आणि मूळ संख्या उरते. थोडक्यात, १४२८५७ ला ७ ने भागल्यावर बाकी १ उरते, सगळी किमया तिचीच.

यावर एका मुलीने विचारलं, "सर, १७ चं काय?" फार चांगला प्रश्न.

१/१७ चे आवर्ती अंक सोळा: ०५८८२३५२९४११७६४७. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरचं हे काम नव्हे, पायथॉन या संगणकाच्या भाषेत वर्ग काढला:

३४६०२०७६१२४५६७४६७१२८०२७६८१६६०९

उजवीकडचे सोळा अंक वेगळे काढून बेरीज केली: ४७०५८८२३५२९४११७६. मूळ संख्या नाही आली, पण नीट बघा, तेच अंक गोल फिरून आलेत! ही मूळ संख्येची आठपट आहे, आणि मूळ संख्येला १७ ने भागलं तर बाकीही ८ च. इथे मुलांपेक्षा मीच जास्त हरखलो. १/१९ च्या आवर्ती अंकांना १९ ने भागलं तर ही बाकी १५ येते, २३ साठी तसंच केलं तर पुन्हा ८. एकूण, बाकी जेवढी तेवढी पट.

आता अडलंय ते इथे. ही बाकी एवढा मोठा भागाकार न करता आधीच सांगता येते का? ७ ला १ आणि १७ ला ८ असं का, यात काही नियम आहे की प्रत्येक मूळसंख्येचं स्वतंत्रच बघावं लागतं? आणि ७ नंतर पूर्ण लांबीचं आवर्तन असलेली (म्हणजे मूळसंख्येपेक्षा एक कमी इतके आवर्ती अंक, जसे ७ ला सहा, १७ ला सोळा) आणि शिवाय बाकी १ देणारी पुढची मूळसंख्या कोणती?

या विषयातल्या जाणकारांनी जरूर लिहावं. उत्तर अवघड असलं तरी चालेल, दहावीच्या मुलांसाठी फळ्यावर सोपं करून मांडायचं काम माझं. फक्त पायऱ्या गाळू नका.