मदत हवी आहे: कागदी शिल्प करायला सांगितलं, मुलांनी चित्रंच काढली

नमस्कार. मी शाळेत चित्रकला शिकवते. सातवीच्या एका वर्गात ५४ मुलं, आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका. यंदा एक तरी काम हाताला लागेल असं करून घेऊ म्हणून कागदी मुखवटे घेतले. कार्डशीट, कात्री, फेव्हिकॉल, बाकी मोकळीक.

दोन तासिकांनी जे समोर आलं ते बघून हसावं की रडावं कळेना. समोरून झकास, कडेने बघितलं की पापड! एका मुलीने नाकाच्या एका बाजूला पेन्सिलीने इतकी सुरेख छटा दिली होती की नाक वर आल्यासारखं दिसत होतं. बोट फिरवलं तर सपाट. म्हटलं, अगं, नाक वर का नाही आणलंस? तर म्हणे, "आणलंय की मॅडम, शेडिंग केलंय."

तिचं काय चुकलं? पुढे एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसतील म्हणून घन, शंकू, दंडगोल काढून त्यांना छटा द्यायचा सराव मीच करून घेते. कागदावर खोटी खोली दाखवायला शिकवलं, आता खरी कशी मागू? शिवाय ज्यांनी कागद वाकवायचा प्रयत्न केला त्यांचा तो वेडावाकडा मोडला, घडीवर तडकला. ५४ जणांच्या हातात कटर देणार नाही, हे आधीच सांगते. कुणी असं काम करून घेतलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
पहिलं काम: पेन्सिल आणि रंग दप्तरात. फक्त पांढरा कागद द्या. दुसरं, वर्गातले दिवे बंद करून एका बाजूची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर मोबाईलचा टॉर्च कडेने धरा. छटा उजेडाने पडू दे. सपाट मुखवट्यावर काहीच पडणार नाही, ते मुलं स्वतःच बघतील.

प्रतिसाद २
मुखवट्यापासून सुरुवातच करू नका, मॅडम. चेहरा म्हटलं की मुलं डोळे, ओठ काढायला धावतात. जोसेफ अल्बर्स हे चित्रकार १९२३ पासून जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेच्या पायाभूत वर्गात शिकवायचे. त्यांच्या एका विद्यार्थ्याने सांगितलेली आठवण आहे. त्यांनी मुलांना वर्तमानपत्रं दिली आणि शक्यतो कात्री-डिंकाशिवाय काहीतरी करा म्हणाले. कुणी किल्ले केले, कुणी विमानं, प्राणी. त्यांच्या पसंतीला उतरला तो नुसता उभ्या घडीने दुमडून उभा केलेला कागद. लोळणारं वर्तमानपत्र एका घडीने ताठ उभं राहिलं होतं.

तुम्हीही पहिली तासिका एवढीच घ्या. झेरॉक्सचा एक कागद, कापायचं नाही, चिकटवायचं नाही, बाकावर उभा करून दाखवायचा. मग जपानी पंख्यासारख्या घड्या घालून दोन वह्यांवर पुलासारखा ठेवायला सांगा आणि वर कंपासपेटी ठेवून बघा. सपाट कागद लगेच खाली बसतो, घड्यांचा पेलतो. ते बघितल्यावर वर्ग आवरायला वेळ लागेल, ती तयारी ठेवा.

प्रतिसाद ३
कागद तडकतो त्याचं कारण बहुधा ग्रेन. यंत्रावर कागद बनताना तंतू बहुतांशी एका दिशेने बसतात. शीट आडवी आणि उभी हलकेच वाकवून बघा, एका बाजूने सहज वाकेल. त्या दिशेने घडी स्वच्छ पडते, आडवी घातली की जाड कागद फाटतो. मुलांना वाटायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर मागे बाण काढून ठेवा. आमच्या छापखान्यात चुकीच्या ग्रेनची पुस्तिका गेली की तिच्या पाठीच्या घडीवरून बोलणी खायला लागतात.

कटरची गरज नाही. शाई संपलेलं बॉलपेन घ्या, खाली जुनं मासिक ठेवा आणि पट्टीने दाबून रेघ ओढा. रेघ मुरली की घडी तिथूनच मोडते. फेव्हिकॉल पातळ थरात लावा, थापला की कागदाला पोक येतो. कडा धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे.

प्रतिसाद ४
मी शिवणकाम करते, चित्रकलेतलं कळत नाही. पण ब्लाउजला टक्स घेतल्याशिवाय सपाट कापडाला आकार येतो का? मुखवट्याचंही तसंच करा ना. हनुवटीला मधोमध आणि कपाळाच्या दोन कडांना चार-चार सेंटिमीटर काप द्या, कापाच्या कडा एकमेकींवर सेंटिमीटरभर सरकवून चिकटवा. चेहरा आपोआप फुगेल.

प्रतिसाद २
ताई, चपखल! त्यात एक भर घालतो. घडीची रेघ सरळच हवी असं नाही. पोस्टकार्डएवढ्या तुकड्यावर बोथट बॉलपेनने इंग्रजी एससारखी वळणदार रेघ दाबा आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू चेपत आणा. रेघेच्या एका बाजूचा कागद फुगतो, दुसऱ्या बाजूचा आत जातो. भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत हीच रेघ वापरा. घाई केली तर मोडते, तेव्हा आधी रद्दी कागदावर.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. तीन तासिका झाल्या. कंपासपेटी पेलली गेल्यावर एकाने त्यावर पाण्याची बाटली ठेवली, त्यात दोन वह्या भिजल्या. टक्सची युक्ती मुलींना सांगावीच लागली नाही, एकीने आईला करताना बघितलं होतं. छटावाल्या मुलीने पाच तुकडे वाया घालवले, सहाव्यात नाकाची धार आली. मग तो टॉर्चसमोर धरून भिंतीवरची सावली शेजारणीला दाखवत बसली. पेन्सिल मागितली नाही.

आता पुढचा प्रश्न. सपाट होते तेव्हा ५४ मुखवटे एका फाईलीत मावत होते. हे ठेवू कुठे? कपाटात दाबले की मेले, आणि उघड्यावर पावसाळी हवेने दोन दिवसांत मऊ पडायला लागलेत. वर्गात दोरी बांधून टांगावेत का?