मदत हवी आहे: स्क्रीनमुळे डोळे फार दुखतात, डिस्प्लेची सेटिंग काय ठेवू?

सेवाकेंद्र_आर्वी
नमस्कार. आर्वी तालुक्यात गावात माझं सेवा केंद्र आहे. दुपारनंतर डोळे इतके चुरचुरतात की पाणी गळायला लागतं, संध्याकाळी कपाळ ठणकतं. काल एका मुलीच्या पासबुकावरून खाते नंबर भरला आणि तपासताना स्क्रीनवर मला तीनचा आठ दिसला. तीनदा पुसून तीनदा भरला. पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले असते तर? ब्राइटनेस कमी करून पाहिला, फरक नाही. नाइट लाइट, म्हणजे स्क्रीन पिवळसर करायची सोय, चालूच होत नाही. निकाल लागलेत, उत्पन्नाचे दाखले, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर, सगळी गर्दी आताच आहे. दुकान बंद ठेवता येत नाही. कोणती सेटिंग ठेवायची तेवढं लवकर सांगा.

संत्राबाग
ताई, लॅपटॉप हाय का डेस्कटॉप, ते त पयले सांगा. विंडोज कोणतं? तुमी कायच नाई लिवलं, लोकं सांगतील कसे?

रात्रपाळी_नागपूर
निळ्या प्रकाशाचा चष्मा घ्या, विषय संपला. मी कॉल सेंटरमध्ये चार वर्षं वापरतोय. आणि सगळीकडे डार्क मोड लावा. पांढरी स्क्रीन म्हणजे डोळ्यात टॉर्च मारल्यासारखं आहे.

गुरुजी_दारव्हा
रात्रपाळी, तुम्हाला बरं वाटलं असेल, पण ताईंना हजार-दीड हजाराच्या खर्चात पाडू नका. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणारी संस्था आहे, तिने २०२३ साली १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. साध्या चष्म्याच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो, असं काही त्यात आढळलं नाही. ताण येतो तो टक लावून जवळ पाहण्याने आणि पापणी कमी मिटण्याने. डार्क मोडही सगळ्यांना सोसत नाही. मला सिलिंड्रिकल नंबर आहे, म्हणजे बुबुळ सगळीकडून सारखं गोल नाही, त्यामुळे काळ्यावरची पांढरी अक्षरं मला फुटलेली दिसतात. शिवाय सरकारी पोर्टल आणि पीडीएफ पांढरेच उघडतात. काळ्यातून पांढऱ्यात सारखं जा-ये केल्याने डोळे जास्त शिणतात.

रात्रपाळी_नागपूर
अनुभव हा अनुभव असतो गुरुजी. माझी डोकेदुखी थांबली, ती काही कागद वाचून थांबली नाही.

सेवाकेंद्र_आर्वी
डेस्कटॉप आहे, विंडोज १०. चष्म्यावर वाद नको, कृपया सेटिंग सांगा. समोर आत्ता अकरा जण बसलेत.

मुक्तप्रणाली
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. लोकांची आधार, बँकेची कागदं तुमच्या मशीनवर असतात, याचा आधी विचार करा. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाका. रात्री स्क्रीन पिवळसर करायची सोय त्यात आहे, जुन्या मशीनवर हलकंही चालतं. मी स्वतः चार जणांना टाकून दिलंय.

सेवाकेंद्र_आर्वी
माझं अंगठ्याचं मशीन विंडोजवरच चालतं. ते बंद पडलं तर केंद्रच बंद पडेल.

दुरुस्ती_पुलगाव
ताई, नाइट लाइट "चालूच होत नाही" म्हणजे नेमकं काय? बटण दाबता येतं पण रंग बदलत नाही, की बटणच फिकट आहे? डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, खाली रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे-उभे किती ठिपके आहेत ते. तिथला आकडा जसाच्या तसा लिहा. मॉनिटर किती इंची? आणि त्रास कधीपासून आहे?

वहिनीसाहेब_वाशीम
रोज झोपताना डोळ्यांत गुलाबपाणी दोन-दोन थेंब टाका. माझ्या आईला कोथिंबिरीच्या रसानेही फार आराम पडला होता.

नेत्रतपासनीस
वहिनी, मनापासून सांगतो, डोळ्यांत थेट काही टाकायला सांगू नका. बाजारातलं गुलाबपाणी डोळ्यांसाठी निर्जंतुक केलेलं नसतं, आणि रस तर मुळीच नको. शेतात डोळ्यात काही गेलं की पाला पिळणारे पेशंट आमच्याकडे येतात, तोवर बुबुळावर जखम झालेली असते. थंड पाण्याची पट्टी ठेवा, त्याला कोणाची ना नाही. ताई, तुमचं वय काय? चष्मा आहे का?

सेवाकेंद्र_आर्वी
रिझोल्यूशन १०२४ × ७६८. बदलायला गेलं तर तो चौकोन फिकटच आहे, नाइट लाइटचं बटणही तसंच. मॉनिटर साडेअठरा इंची, रुंद. त्रास साधारण पंधरा-वीस दिवस झाले असतील. त्याच सुमारास मशीन हळू चालायचं म्हणून एका पोराकडून फॉरमॅट करून घेतलं होतं.

दुरुस्ती_पुलगाव
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर एवढी चर्चा झालीच नसती!

फॉरमॅटनंतर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र नीट दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकलेला नाही. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असं दिसेल. तो कामचलाऊ ड्रायव्हर आहे, त्याच्यावर नाइट लाइट चालत नाही.

तुमचा मॉनिटर १३६६ × ७६८ चा असणार. उंचीचे ठिपके बरोबर बसतात, पण रुंदीत १०२४ ठिपके ताणून १३६६ वर पसरावे लागतात. म्हणजे तीन ठिपक्यांचा मजकूर चार ठिपक्यांच्या जागेत. त्यामुळे प्रत्येक उभी रेघ कडेने धुरकट होते. इंग्रजी तीनची डावी बाजू उघडी असते ना, तीच भरल्यासारखी वाटते आणि आठ दिसतो. डोळे दिवसभर ती कड शोधत राहतात. ब्राइटनेस कितीही कमी करा, धूसर ते धूसरच राहणार.

संत्राबाग
बरोबर हाय. माह्या पोट्ट्याच्या कंप्यूटरवर असंच झालं होतं. गोल आयकॉन अंड्यासारखे दिसत होते.

सेवाकेंद्र_आर्वी
हो! आयकॉन आडवे पसरलेलेच आहेत. मला वाटलं नवीन विंडोज असंच असतं. आता काय करू?

दुरुस्ती_पुलगाव
आधी विंडोज अपडेट चालू आहे का पाहा. बरेच जण नेट खातं म्हणून फॉरमॅट केल्यावर ते बंद करून देतात. चालू करून शोधायला लावा, बहुतेक वेळा ड्रायव्हर आपोआप येतो. नाही आला तर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर पाहून घ्या. भलत्या साइटवरचं "ड्रायव्हर अपडेटर" घेऊ नका.

ड्रायव्हर बसला की रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढे "रेकमेंडेड" लिहिलंय तेच निवडा. अक्षर बारीक वाटलं तर रिझोल्यूशनला हात लावू नका, स्केल, म्हणजे अक्षरांचा आकार, १२५ टक्के करा. मग स्टार्टमध्ये "क्लिअरटाइप" शोधून तो उघडा. तो अक्षरांचे नमुने दाखवतो, सगळ्यात स्वच्छ दिसेल त्यावर क्लिक करत जा. मॉनिटरला निळ्या टोकाची जुनी व्हीजीए केबल असेल तर मॉनिटरवरचं "ऑटो अ‍ॅडजस्ट" एकदा दाबा.

ब्राइटनेस किती टक्के ठेवू, असं विचारू नका. स्क्रीनवर कोरं वर्ड पान उघडा, शेजारी तुमचा झेरॉक्सचा कोरा कागद धरा. दोन्ही सारखे उजळ दिसले पाहिजेत. स्क्रीन दिव्यासारखी वाटली तर कमी करा, मळकी वाटली तर वाढवा.

गुरुजी_दारव्हा
नाइट लाइट मात्र दिवसा लावू नका, रात्री ठीक आहे. आणि दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहा. दाराबाहेरचा निंब चालेल.

रात्रपाळी_नागपूर
समोर अकरा माणसं बसली असताना निंबाकडे कोण पाहणार गुरुजी?

गुरुजी_दारव्हा
प्रिंट निघेपर्यंत पाहायचं. तेवढा वेळ तसाही जातोच.

नेत्रतपासनीस
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. शिवाय खुर्ची कुठे आहे, कूलर कुठे आहे, तेही सांगा.

सेवाकेंद्र_आर्वी
वय ४६. वाचायला चष्मा आहे, आठवडी बाजारातून घेतलेला, प्लस दोनचा. कूलर डाव्या हाताला, तोंडावरच येतो. इथे पारा ४५ वर आहे, त्याच्याशिवाय बसवत नाही. माझ्या पाठीमागे शटर आहे, पश्चिमेला.

नेत्रतपासनीस
मग ड्रायव्हरने अर्धंच काम होईल. दूरचा नंबर नसेल तर प्लस दोनच्या काचेतून अर्ध्या मीटरपलीकडचं धूसर दिसतं. स्क्रीन असते दोन-सव्वादोन फुटांवर. म्हणून तुम्ही नकळत पुढे वाकत असणार, मानही दुखत असेल. पोथी वाचायचा नंबर आणि स्क्रीनचा नंबर एक नसतो. स्क्रीनचं अंतर टेपने मोजून कागदावर लिहा आणि तपासायला जाताना तो कागद न्या. ग्रामीण रुग्णालयात विचारा किंवा सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात नेत्र विभाग आहे. चाळिशीचा चष्मा बाजारातून घेतला तर दोन डोळ्यांचा फरक आणि सिलिंड्रिकल नंबर कळतच नाही. चाळिशीनंतर काचबिंदूसाठी डोळ्यांचा दाबही एकदा पाहून घ्यावा.

कूलर चालू द्या, पण झोत पायाकडे वळवा. वाऱ्याने डोळ्यावरचं पाणी सुकतं, त्यानेच चुरचुरतं. टेबल असं फिरवा की शटर बाजूला येईल. पाठीमागचं ऊन सरळ स्क्रीनच्या काचेवर पडतं.

सेवाकेंद्र_आर्वी
रात्री अपडेट लावून ठेवलं होतं. सकाळी स्क्रीन एकदा काळी झाली, घाबरले, पण परत आली तेव्हा आयकॉन गोल! रिझोल्यूशन १३६६ × ७६८, स्केल १२५. ती पासबुकाची नोंद पुन्हा उघडून पाहिली, तीन तीनच दिसला. टेबल फिरवलं, आता माणसं भिंतीकडच्या बाकावर बसतात. कागद धरून पाहिलं तर मी ब्राइटनेस फारच कमी करून बसले होते, वाढवावा लागला. कपाळ आज कमी ठणकलं, मान अजून दुखते. अंतर मोजलं, २६ इंच. मंगळवारी सेवाग्रामला जाते. पुलगाववाले भाऊ, नेत्रतपासनीस दादा, खूप आभार.

मुक्तप्रणाली
विंडोज १० चं मात्र बघा.

बळीराजा_कारंजा
ताई, तुमी सेवा केंद्रवाल्या हाव त विचारतो. बँकेच्या शाखेचा जो आयएफएससी कोड असते, त्याच्यामंदी चार अक्षरांनंतर ओ हाय का शून्य? पोरीचा फॉर्म दोनदा परत आला.

सेवाकेंद्र_आर्वी
पाचवं नेहमी शून्यच असतं, भाऊ. पासबुक घेऊन उद्या सकाळी दहाच्या आत या, नंतर गर्दी होते.