प्रति: एकाच ढगातले तारे पुढे पांगतात का?

पांगतात, वायूच्या एकाच ढगातून जन्मलेल्या ताऱ्यांचे बहुतेक गुच्छ पांगतातच. या प्रश्नावरच्या आधीच्या एका उत्तरात म्हटलंय की ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवायला पुरेसं असतं. पण सुरुवातीला गुच्छाला बांधून ठेवण्यात उरलेल्या वायूच्या वजनाचा वाटा फार मोठा असतो. ढगातला बराचसा वायू ताऱ्यांत जातच नाही. मोठ्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश आणि वारे (त्यांच्यातून वेगाने बाहेर पडणारा वायू) तो काही दशलक्ष वर्षांत हुसकून लावतात. वजन गेलं की पकड सैल होते. जिथे वायूचा मोठा हिस्सा आधीच ताऱ्यांत बदललेला असतो, तेच गुच्छ टिकतात.

हे घडताना बघायचं असेल तर मृग नक्षत्रातला तेजोमेघ (तारे जन्मतात असा वायूचा ढग) बघा, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवरून, शहराच्या उजेडातही, लहान दुर्बिणीत त्याच्या मधोमध चार तारे दाटीवाटीने दिसतात. भोवतालचा वायू मुख्यतः त्यांतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यानेच उजळलाय, आणि तोच त्याला पोखरतोही आहे. मला हे दृश्य दर हिवाळ्यात नव्याने थक्क करतं.

खरा राक्षसी नमुना म्हणजे मोठ्या मॅजेलनी मेघातला, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला, आर१३६ हा तारागुच्छ. अंतर सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षं, वय जेमतेम एक-दोन दशलक्ष वर्षं, आणि त्यात सूर्याच्या शंभरपटींहून जड तारे. बडोद्याहून मात्र तो कधीच क्षितिजावर येत नाही, त्यासाठी पार कन्याकुमारीकडे जावं लागेल.