मदत हवी आहे: बोर्निओच्या जंगलात एका आठवड्यात काय बघू?

निशा_क
तिकिटं झाली आहेत, बाकी काहीच नाही. ओरांगउटान, ती लांब नाकाची माकडं, वटवाघळांच्या गुहा, आदिवासींची लांबच लांब घरं आणि जमलंच तर राफ्लेशियाचं फूल, असं सगळं एका आठवड्यात बसवायचंय. एजंटने जो कार्यक्रम पाठवलाय त्यात रोज नवा विमानतळ आहे. बघूनच दमले. खोल्या भराभर भरतायत, त्यामुळे जरा लवकर सांगा. आणि प्लीज, 'नेटवर सगळं आहे' म्हणू नका. तिथूनच आलेय.

उंबरठ्याबाहेर
ताई, त्या बेटावर तीन देश आहेत. उतरताय कुठे? महिना कुठला? सोबत कोण?

शिखरवेडा
किनाबालू करा, विषय संपला! ४०९५ मीटर. पहिल्या दिवशी लाबान राताला मुक्काम, रात्री दोन-अडीचला निघायचं, सूर्योदयाला माथ्यावर. परवाने मोजकेच असतात, आजच बघा. माकडं काय, कुठेही दिसतात.

निशा_क
मलेशियाच हो. आणि चढायचं नाहीये, यादीत डोंगर कुठे दिसला?

मंदार_०७
भारतीयांना मलेशियात ३० दिवसांची व्हिसामाफी आहे, १ डिसेंबर २०२३ पासून. मुदत वाढत आलीय, तरी निघण्यापूर्वी चालू आहे ना ते बघा. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

निशा_क
धन्यवाद, पण व्हिसाचं विचारलंच नव्हतं.

उंबरठ्याबाहेर
मी विचारलेलं राहिलंच की. विमान कुठे उतरतंय?

निशा_क
कुचिंग. परतीचंही तिथूनच. डिसेंबरचा दुसरा आठवडा.

उंबरठ्याबाहेर
हे आधी सांगायचं होतं! कुचिंग सारावाकमध्ये. लांबनाकी माकडं आणि हत्तींचे जे फोटो बघून सगळे भुलतात, ते बहुतेक साबाहमधल्या किनाबातांगान नदीवरचे. दोन वेगळी राज्यं आहेत ती, मध्ये विमानप्रवास. शिवाय इमिग्रेशनही आपापलं. क्वालालंपूरहून आलात तरी कुचिंगला पासपोर्ट दाखवावा लागतो, साबाहला गेलात की पुन्हा. एजंटने दोन्ही राज्यं एकाच आठवड्यात कोंबलीत, म्हणून ते रोजचे विमानतळ.
माझं मत: साबाह सोडा. ओरांगउटान सेमेंगोहच्या वन्यजीव केंद्रात, शहरापासून जवळच. लांबनाकी माकडं बाको राष्ट्रीय उद्यानात. दोन दिवस सारावाकमधल्याच मुलू राष्ट्रीय उद्यानात. हरीणगुहेतून संध्याकाळी लाखो वटवाघळं पट्ट्यासारखी बाहेर पडतात. मुलूला रस्ता नाही, छोट्या विमानाने जावं लागतं, तेव्हा ते तिकीट सगळ्यात आधी काढा.

पाणथळ
साबाह सोडा?? मग बोर्निओला जायचंच कशाला? किनाबातांगानकाठच्या सुकाऊ गावात राहायचं, पहाटे आणि संध्याकाळी होडीतून फिरायचं. धनेश, माकडं, नशीब असेल तर बुटके हत्तीसुद्धा. संदाकानजवळ सेपिलोकचं ओरांगउटान केंद्र १९६४ पासून आहे, लाकडी पुलावरून आरामात चालत जाता येतं. सेमेंगोहला आम्ही तासभर ताटकळलो, एकही आला नाही.

उंबरठ्याबाहेर
आला नाही हे चांगलंच की! ते मोकळे असतात. जंगलात फळं पिकली की खाऊ घालायच्या फळीकडे फिरकत नाहीत. फळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्यामुळे निशाताईंनीही मनाची तयारी ठेवावी. आणि डिसेंबरात किनाबातांगानला पूर येतो, ते का नाही सांगितलंत?

पाणथळ
सारावाकला काय डिसेंबरात ऊन पडतं? तिथेही ईशान्य मोसमीच. बाकोला समुद्र खवळला की होड्या बंद. भरती-ओहोटी चुकली तर गुडघाभर पाण्यातून किनारा गाठायचा.

निशा_क
गुडघाभर?? आईचे दोन्ही गुडघे गेलेत. सपाटीवर हळूहळू चालते, पायऱ्या जमत नाहीत.

शिखरवेडा
मग किनाबालू राहू द्या.

उंबरठ्याबाहेर
आई सोबत आहेत हे आत्ता कळतंय! मग बाको नको. मुलूची हरीणगुहा मुख्यालयापासून साधारण तीन किलोमीटर, लाकडी फळ्यांची वाट, तेवढंच परत. क्लिअरवॉटर गुहेच्या पायऱ्या मात्र भरपूर, तिथे तुम्ही एकट्याच जा. आणि जोराचा पाऊस असला की वटवाघळं बाहेर पडत नाहीत.

पाणथळ
म्हणजे आजींनी भिजत सहा किलोमीटर चालायचं, आणि कदाचित काहीच दिसायचं नाही. होडीत नुसतं बसायचं असतं हो!

रेवती_म
भांडणात लांबघरं राहिली. सांतुबोंग डोंगराखालच्या सारावाक कल्चरल व्हिलेजमध्ये इबान, बिदायुह, मेलानाउ, ओरांग उलू अशा सगळ्या जमातींची घरं तळ्याभोवती बांधली आहेत. वर नाचाचा कार्यक्रम. आईंना आवडेल, बसायला जागाही आहे.

उंबरठ्याबाहेर
ते प्रदर्शन. कुचिंगहून दीडेक तासावर अन्नाह राइस आहे, बिदायुहांचं खरं वस्तीचं लांबघर. बांबूची लांब ओसरी, लोक मिरी वाळत घालतात, आणि जुन्या काळी कापून आणलेली शत्रूंची डोकी अजून जपून ठेवलीत.

रेवती_म
खरं लांबघर पण तिकीट काढून बघायचं, मग त्याला काय म्हणायचं? लोकांच्या घरात कॅमेरे घेऊन घुसण्यापेक्षा प्रदर्शन परवडलं. शिवाय बांबूच्या फटींत आईंची काठी अडकायची.

जिरेमोहरी
अवांतर: शाकाहारी असाल तर मिडिन नावाची नेच्याची कोवळी भाजी मिळते, झकास लागते. पण ती बहुतेक वेळा बेलाचान, म्हणजे कोळंबीच्या पेस्टमध्येच परततात. 'बेलाचान नको, फक्त लसूण' असं आधीच सांगा. लाक्सा म्हणजे तिथल्या नूडल्सच्या रश्श्यातही तेच.

निशा_क
आम्ही मासे खातो, त्यामुळे चालेल. ठरलं: साबाह रद्द, बाको रद्द. कुचिंगलाच मुक्काम, मध्ये दोन रात्री मुलू. आई गुहेकडे जाईल की नाही ते आकाश बघून ठरवू. सेमेंगोहला दोनदा जाऊ. कल्चरल व्हिलेज आईसाठी, अन्नाह राइसला मी एकटी. राफ्लेशियाचं कोणीच बोललं नाही?

रेवती_म
गुनुंग गाडिंग राष्ट्रीय उद्यान, लुंडू गावाजवळ. फूल आठवडाभरही टिकत नाही. कुचिंगला पोचलात की उद्यानाला फोन करून 'आज उमललंय का' एवढंच विचारा. 'हो' म्हणाले तर त्याच दिवशी निघा. वाट किती चढाची ते फूल कुठे उमललंय त्यावर, तेव्हा आईंचं पण विचारून घ्या.

पाणथळ
एकदा किनाबातांगान बघा, मग बोलू.

सोनाली२२
मलाही जायचंय, मार्चमध्ये. कुठून सुरुवात करू?

उंबरठ्याबाहेर
उतरताय कुठे?