मदत हवी आहे: सापांच्या सात वह्या नकाशावर कशा उतरवायच्या? (बडोदा)

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितेय. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, १९८७ पासून साप पकडायला जायचे. नोकरी सांभाळून, रात्री-बेरात्री, आधी सायकलवर आणि मग स्कूटरवर. ३१ जुलै २०१९ ला इथे एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला आणि विश्वामित्री नदी घराघरांत शिरली. त्या आठवड्यातले कॉल त्यांचे शेवटचे. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली.

प्रत्येक कॉल त्यांनी वहीत लिहिलाय. वह्या आठ होत्या. एक वही एका संस्थेनं अभ्यासासाठी म्हणून नेली, ती परत आली नाही. अण्णा अजून त्या वहीबद्दल बोलायचं टाळतात. उरलेल्या सात माझ्याकडे आहेत आणि आतापर्यंत ४१२ नोंदी मी एक्सेलमध्ये टाईप केल्यात. कुठला साप बडोद्यात आणि आसपास कुठे, कुठल्या महिन्यात, कसल्या जागी निघतो याचा नकाशा मला करायचाय. अण्णांना जागा आठवतायत तोवरच. म्हणून घाई आहे.

एक नोंद जशीच्या तशी देते:

"१४ जुलै ९४, रात्री १०. बाबाजीपुरा, जुना वाडा, मोरीजवळ. काळोतरो. अडीच फूट. कोतरात सोडला."

यात 'काळोतरो' खोडून वर 'कवड्या' लिहिलंय. काळोतरो हा इथला गुजराती शब्द, आपली विषारी मण्यार; कवड्या तिच्यासारखा दिसणारा, पण बिनविषारी. कोतर म्हणजे घळ. फोन करणारा घाबरून काळोतरो म्हणायचा, अण्णा तसंच लिहायचे आणि साप हातात आल्यावर दुरुस्त करायचे. फरक कसा ओळखता, विचारलं तर त्यांनी मोबाईलवरच्या फोटोवर बोट ठेवून दाखवलं. मण्यारीच्या पाठीवर मधोमध जी ओळ जाते तिच्यातले खवले षटकोनी, बाजूच्यांपेक्षा मोठे. पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे विरत गेलेले. कवड्याचं उलट: पट्टे मानेपाशी ठळक, शेपटीकडे पुसट. मी तीन वेळा बघितल्यावर मला दिसलं.

आता अडचणी.

खोडाखोड न झालेल्या पण 'काळोतरो' एवढंच लिहिलेल्या नोंदी बऱ्याच आहेत. त्या मण्यार धरू का? तसंच 'खडचितळो' म्हणजे घोणस, 'डेंडवुं' म्हणजे दिवड. काही ठिकाणी नुसतं 'घोणस' आहे, आणि मला शंका येते की त्यातली एखादी डुरक्या घोणस असेल, म्हणजे बिनविषारी. नकाशावर ही चूक फार मोठी होईल.

जागा या अशा: 'कारेलीबाग पाण्याच्या टाकीमागे', 'गोत्री, विहिरीजवळचं शेत', 'सावली तालुका, माहीचं कोतर'. गोत्रीच्या त्या शेतात आता सोसायटी आहे. अक्षांश-रेखांश काय टाकू? आणि कितपत खात्रीनं?

साप सोडलेली जागाही लिहिलीय. सुरुवातीच्या वर्षांत अण्णा लांब, आजव्याच्या बाजूला नेऊन सोडायचे. पुढे त्यांनी ते बंद केलं, कारण लांब, अनोळखी जागी सोडलेला साप तगेल याची त्यांना खात्री वाटेना. सोडलेली जागा नकाशावर घ्यायची का?

सगळ्यात मोठा प्रश्न रिकाम्या जागांचा. वह्यांत फुरसं शहरात एकदाही नाही. जे आहेत ते वाघोडियाच्या पुढे, पावागढकडच्या दगडाळ माळावर. पण मांजलपूरच्या एका बाजूला तर कुठलाच साप नाही! तिथे साप नाहीत असं कोण म्हणेल? तिथल्या लोकांकडे अण्णांचा नंबर नव्हता, एवढंच. हे नकाशावर कसं दाखवायचं?

शेवटी सॉफ्टवेअर. कुणी मॅक्सेंट सांगतं, कुणी क्यूजीआयएस. मी कॉमर्सची. एक्सेल उत्तम येतं, पुढचं शिकायची तयारी आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी अण्णांना नमस्कार. 'आतापर्यंत' तुम्ही जे केलंय तेच या कामातलं सगळ्यात किचकट काम आहे.

मॅक्सेंट सध्या बाजूला ठेवा. ते प्रजातीच्या नोंदी आणि हवामानाचे थर ताडून पाहतं आणि बाकी कुठे ती असू शकेल याचा अंदाज देतं. हवामानाचे जे थर सर्रास वापरतात ते १९७० ते २००० च्या सरासरीचे असतात आणि त्यांचा बारकावा साधारण एक किलोमीटरचा. बडोदा शहरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवामान असं कितीसं बदलणार? अख्खा गुजरात किंवा सह्याद्री घेतलात तर अर्थ आहे. तुमच्यासाठी क्यूजीआयएस, ते नकाशे करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आणि त्यात दोन-दोन किलोमीटरचे चौकोन आखा.

प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांशाबरोबर एक रकाना ठेवा: जागा किती मीटर इकडे-तिकडे असू शकते. पाण्याच्या टाकीमागे म्हणजे २०० मीटर. 'माहीचं कोतर, सावली' म्हणजे ५००० लिहा. मग दोन किलोमीटरच्या नकाशात ती नोंद आपोआप गळेल, पण तालुक्याच्या यादीत राहील. काहीच फुकट जात नाही. सापडलेली जागा आणि सोडलेली जागा हे दोन वेगळे रकाने, नकाशावर फक्त पहिला. सोसायटी झाली असली तरी नोंद त्या वर्षीचीच. म्हणून 'तेव्हाची जागा कशी होती' हाही रकाना करा: शेत, वाडा, नाला, पडीक. हे अण्णांशिवाय कुणीच सांगू शकणार नाही.

रिकाम्या चौकोनांसाठी एक विचारतो. 'गेलो, साप मिळाला नाही' अशा नोंदी आहेत का?

प्रतिसाद २

मी कोल्हापूरकडे साप पकडतो. वहीतल्या 'काळोतरो' या शब्दाला हात लावू नका. फोन करणाऱ्यानं काय म्हटलं ते एका रकान्यात, अण्णांनी काय ठरवलं ते दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात खात्री: हातात घेऊन बघितला, लांबून बघितला, नुसतं ऐकलं. घोणशीच्या नोंदी अण्णांना वाचून दाखवा. एका जागी वेटोळं करून प्रेशर कुकरसारखी शिट्टी मारत होती का, एवढं विचारा. डुरक्या तसं करत नाही.

पुराच्या दिवसांतल्या नोंदींना वेगळी खूण करा. २०१९ चा पूर असो की ऑगस्ट २०२४ चा, पाण्याबरोबर साप वाहत येतात. पुरात दिवड तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात सापडली म्हणून ती तिथे राहते असं होत नाही.

आणि हात जोडून सांगतो, मांडूळाच्या जागा उघड करू नका. गुप्तधन न् पैशाचा पाऊस, असल्या अंधश्रद्धेपायी मांडूळाची तस्करी होते. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी टाकायच्या साइटवर, टाकणार असाल तर जागा धूसर ठेवायची सोय आहे, तिथे नेमक्या बिंदूऐवजी साधारण वीस-बावीस किलोमीटरचा चौकोन दिसतो. ती वापराच.

प्रतिसाद ३

मी तालुक्याच्या दवाखान्यात काम करते. भारतात साप चावून वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावतात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं. पण कुठल्या भागात चौघांपैकी कोण जास्त, हे माहीत असलं तर आम्ही लक्षणांकडे वेगळ्या तयारीनं बघतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून पेशंट येतो आणि पापण्या मिटायला लागलेल्या असतात. ताई, तुमच्या नकाशात मण्यारीचे महिने आणि वेळा नक्की घाला. मला त्या हव्या आहेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवले. कुकरच्या शिट्टीवर ते लगेच म्हणाले, "बरोबर." मग चष्मा लावून एकेक घोणस तपासली. दोन नोंदी त्यांनी स्वतःच 'सांगता येत नाही'मध्ये टाकायला लावल्या.

'मिळाला नाही' अशा नोंदी आहेत! मी त्या टाईपच करत नव्हते, निरुपयोगी समजून. पहिल्या वहीपासून पुन्हा बसलेय. अण्णा कुठल्या भागात किती वेळा गेले, हे आता चौकोनाच्या रंगावरून दिसेल आणि जिथे ते गेलेच नाहीत तो चौकोन मी तिरप्या रेघांचा ठेवणार आहे.

रविवारी त्यांना रिक्षानं बाबाजीपुऱ्यात नेलं. ९४ सालचा तो वाडा पाडलाय, पण मोरी जिथे होती ती भिंत शेजारच्या घराला लागून अजून उभी आहे. अण्णांनी काठीनं जागा दाखवली, मी मोबाईलवर बिंदू घेतला. असे सतरा बिंदू झाले. मग त्यांना दम लागला.

आता एकच विचारायचंय. २०१२ नंतरचे फोटो त्यांच्या मित्रांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले आहेत आणि त्यांत जागेची माहिती दिसतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की ती निघून जाते असं वाचलं. मूळ फोटो ज्यांच्याकडे आहेत त्यांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलं तर जागा आणि तारीख टिकते का? कुणी करून बघितलं असेल तर आज-उद्याच सांगा, परवा त्यातले एक काका कायमचे मुलाकडे सुरतला चाललेत आणि जुना फोन इथेच देऊन टाकणार आहेत.